ओट्याची उंची

स्वयंपाकघर आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्यात उभं राहणारं माणूस एक, आणि त्याबद्दल मत असणारी माणसं तीन. बरं, त्या तिघांना नुसतं विचारलं असतं की मीठ कुठल्या डब्यात असतं, तर तिघांच्याही तोंडाचा चंबू झाला असता. पण हॉलमध्ये पंख्याखाली बसून नकाशावर बोटं फिरवायची म्हटली की एकेकाचा तोरा काय विचारता!

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या की बोलणं थांबायचं. दोघं कप उचलायचे, तिसरा फोनमधून "आणि मला नाही का?" हा आपला रोजचा विनोद करायचा, आणि काकूंची पाठ वळली की गाडी पुन्हा सुरू. काका म्हणजे काकूंचा नवरा. वकील म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचं कोर्टात कितपत चालायचं देव जाणे, पण संध्याकाळी साडेपाचला इथे हजेरी चुकायची नाही. आणि तिसरा काकूंचा पोटचा मुलगा. तो दुसऱ्या शहरात राहायचा, म्हणून त्याला फोनच्या पडद्यावर टेबलावरच्या तांब्याला टेकवून बसवत. तिथून तो शहाणपण शिकवायचा.

झालं होतं एवढंच की सिंकखालचा पाइप गळायला लागला, भिंतीला ओल आली, आणि प्लंबरने सांगितलं की जुना ओटा फोडल्याशिवाय पाइपपर्यंत हात जाणार नाही. आता ओटा फोडायचाच, तर सगळं स्वयंपाकघर नवं करून घेऊ, असं काकांच्या मनात आलं. त्यांना तर पर्वणीच होती. चौतीस वर्षं त्यांनी एका बांधकाम कंपनीत नकाशे काढले होते, आणि निवृत्त झाल्यापासून हात शिवशिवत होते. त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड उतरवला, पेन्सिली टोकल्या, आणि अठ्ठेचाळीस चौरस फुटांचे अकरा नकाशे काढले. अकरा! राजवाडा बांधायचा असता तरी इतके लागले नसते.

त्या अकरा नकाशांसाठी वकिलांना विचारलं. मुलाला विचारलं. फरशीच्या दुकानदाराला विचारलं. फक्त जी बाई एकतीस वर्षं तिथे उभी होती, तिला कुणी विचारलं नाही.

काकू चार फूट नऊ इंच होत्या. त्याही सरळ उभ्या राहिल्या तर. काकाही काही ताडमाड नव्हते, पाच फूट तीन इंच, पण घरातला प्रत्येक खिळा त्यांनी आपल्या हाताने ठोकला होता, त्यामुळे सगळं घर त्यांच्या मापाचं. बेसिनवरच्या आरशात काकूंना स्वतःचं कपाळ आणि भांग दिसायचा, त्याखालचा चेहरा बघायला टाचा उंच कराव्या लागायच्या. दाराची वरची कडी काढायला त्या लाटण्याचं टोक वापरायच्या. कपड्यांच्या दोरीवर शर्ट फेकायचा, मग खालून ओढायचा. हे सगळं त्यांनी चालवून घेतलं, कारण एक जागा अशी होती की जिथे त्यांना टाचा उंच कराव्या लागत नव्हत्या. जुना ओटा तीस इंचांचा होता. पहिल्यापासून तेवढाच होता, कसा कोण जाणे, पण काकूंना अगदी नेमका बसायचा. पीठ मळताना खांद्यातून जोर देता यायचा, पातेल्यात वाकून बघता यायचं, उकळतं भांडं छातीच्या खालून उतरवता यायचं. एवढं एकच काय ते त्या घरात त्यांच्या मापाचं होतं, आणि आता तेच फोडायचं होतं.

"चौतीस इंच," वकील म्हणाले. "हल्ली सगळीकडे चौतीसच असतो. त्याहून कमी म्हणजे अगदीच बावळट दिसतं हो."

"आणि बाबा, पुढेमागे घर विकायचं झालं तर?" तांब्याला टेकलेला मुलगा म्हणाला. "घेणारा म्हणेल, हे काय बुटकं! शिवाय उद्या माझं लग्न होईल, ती उंच असली तर?"

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर घेणारा अजून कुणी पाहिलेला नाही, सुनेचा अजून पत्ता नाही, पण त्या दोघांची उंची ठरली आणि नकाशात जमासुद्धा झाली! आणि आपण जिवंत, समोर, हातात ट्रे धरून उभ्या, तर आपली उंची कुणाच्या खिजगणतीत नाही.

"मी किती उंच आहे, ते माहितीये का कुणाला?" त्यांनी विचारलं.

तिघांनी वर बघितलं. "अगं, चार इंचांनी काय होतंय?" काका म्हणाले. "तुझी सोय मी केलीय. हे बघ." आणि त्यांनी अभिमानाने अकरावा नकाशा पुढे केला.

सोय म्हणजे ओट्याच्या कडेने जमिनीवर एक लाकडी फळी. चार इंच उंच, दहा इंच रुंद, सहा फूट लांब. बाणाने दाखवून शेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पायफळी'. काकूंनी त्या फळीवर चढायचं, स्वयंपाक करायचा, उतरायचं.

"म्हणजे उकळत्या पाण्याचं पातेलं हातात धरून मी या फळीवरून मागच्या मागे पाय टाकायचा?"

"सवय होते."

"कुणाला झाली?"

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग होता. तो काकांनी कित्येकदा पाहिला होता, पण वकिलांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि ते जरा मागे सरकले.

"माझ्या बहिणीकडे उंच ओटा आहे," काकू म्हणाल्या. "आठ दिवस तिच्याकडे राहिले आणि हे घेऊन आले. पातेलं खांद्याच्या वर होतं, आतलं दिसतच नव्हतं. मला परत तसं भाजून घ्यायचं नाही. आणि माझ्या स्वतःच्या घरात तर नाहीच नाही!"

मग त्यांनी तो नकाशा नीट डोळ्यांजवळ धरला, आणि त्यांना एक माणूस दिसला. ओट्याचं समोरून काढलेलं चित्र होतं, आणि शेगडीपुढे एक पुरुष उभा होता. विजार घातलेला, रुंद खांद्यांचा, एक हात ओट्यावर टेकलेला. त्यांनी दहावा नकाशा उचलला. तिथेही तोच. नववा, आठवा, सातवा, सगळीकडे तोच, अगदी तसाच.

"हा कोण?"

"हा? कोणी नाही. प्रमाणासाठी असतो." काकांनी पेटीतून प्लॅस्टिकची एक हिरवी पट्टी काढून दाखवली. तिच्यात माणसाच्या आकाराचं भोक होतं. आतून पेन्सिल फिरवली की माणूस तयार. "पाच फूट आठ इंचांचा. ऑफिसात आम्हा सगळ्यांकडे हीच पट्टी असायची."

"बाईची नव्हती?"

"बाईची कशाला?"

काकू खुर्चीवर बसल्या. आजवर कधी त्या बैठकीत त्या बसल्या नव्हत्या. "चौतीस वर्षांत तुम्ही किती स्वयंपाकघरं काढलीत?"

"पुष्कळ. दोन वसतिगृहांची काढली, त्या मोठ्या दवाखान्याचं काढलं, शाळांची तर..."

"आणि सगळ्यांत हाच उभा?"

"अगं, प्रमाणासाठी..."

"तिथे कोण राबतं, ते कधी जाऊन बघितलंत? हा विजारवाला? आणि त्या बायकांच्या पायाखाली पण फळ्या दिल्यात की त्यांनाही सवय होते?"

वकिलांना एकदम वर काहीतरी काम आठवलं. फोनमधला मुलगा म्हणाला, "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस," आणि त्याचं नेटवर्क नेमकं तेव्हाच गेलं. हॉलमध्ये नवरा-बायको उरली. काकांनी पट्टी बाजूला ठेवून रबर घेतलं, ३४ खोडलं, ३० लिहिलं, आणि शेजारी बारीक सही करून तारीख टाकली. नकाशातला आकडा बदलला की शेजारी सही करायची, ही त्यांची ऑफिसातली शिस्त. सही झाली की तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"झालं समाधान?" ते म्हणाले.

काकूंचं झालं. त्या भोळ्या म्हणून नव्हे, तर सही बघून. या माणसाने आयुष्यात सहीला कधी दगा दिला नव्हता.

चार दिवसांनी काम सुरू झालं. मिस्त्री म्हणजे गवंडी, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने एका दिवसात जुना ओटा फोडला. काकू त्या वेळी घरात थांबल्या नाहीत, घणाचा आवाज त्यांच्याने ऐकवेना. पाइप बदलला, भिंत वाळली, सगळीकडे धूळच धूळ झाली. जेवणाच्या टेबलावर शेगडी मांडून काकूंनी पंधरा दिवस काढले आणि त्याबद्दल ब्र काढला नाही. उलट टेबल बुटकं असल्यामुळे त्यांचं छानच चाललं होतं. मिस्त्री आता तीन छोट्या आधारभिंती बांधणार होता, विटांच्या, आणि त्यांच्यावर ग्रॅनाईटचा दगड बसणार होता. दगड कापून आलेला होता, खाली जिन्यापाशी भिंतीला टेकून उभा होता.

गुरुवारी सकाळी काकू चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या. तिथे गर्दी होती, डोळ्यांत थेंब घातले, बसवून ठेवलं, तीन तास गेले. परत आल्या तर हॉलमध्ये वकील, तांब्याला टेकलेला मुलगा, आणि काका. तिघांचेही चेहरे शाळा चुकवलेल्या पोरांसारखे.

काकू सरळ आत गेल्या. तिन्ही भिंती उभ्या होत्या. डोळ्यांत थेंब होते, अजून धूसर दिसत होतं, पण ही गोष्ट समजायला डोळ्यांची गरज नव्हती. त्या मधल्या भिंतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हात कोपरात वाकवला. वर अजून दगड बसायचा होता, दगडावर शेगडी यायची होती, शेगडीवर भांडं. आणि नुसती वीटच पोटाच्या वर आली होती.

"हे किती आहे?"

मिस्त्रीने थापी खाली ठेवली. "दगड धरून चौतीस."

"नकाशात तीस आहे."

"होतं," मिस्त्री म्हणाला, आणि भिंतीला लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. काकूंनी कागद डोळ्यांशी नेला. ३० खोडलेलं होतं. वर ३४. शेजारी सही, तारीख, आणि या वेळी वेळसुद्धा, सकाळी दहा चाळीस. दगा दिला तो दिला, वर शिस्तीत नोंद करून दिला! काकूंना हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"मी विचारलं होतं हो, काकू," मिस्त्री हळूच म्हणाला. त्यालाही हे बरं वाटत नव्हतं. "आमची पद्धतच आहे. बांधायच्या आधी स्वयंपाक करणाऱ्या माणसाला भिंतीला उभं करायचं, कोपर वाकवायला सांगायचं, कोपराच्या सहा इंच खाली रेघ मारायची. मी बाहेर जाऊन म्हटलं, स्वयंपाक करणाऱ्याला पाठवा. तर साहेबच आले. येऊन उभे राहिले, कोपर वाकवलं. म्हटलं असेल बाबा, हल्ली काय, पुरुषही करतात. रेघ मारली. बरोब्बर चौतीसला आली."

"अहो!" काकूंनी हाक मारली. ती हाक ऐकून वरच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकलं.

काका दारात आले. मागे वकील. वकिलांच्या हातात फोन, फोनमध्ये मुलगा. अशी सगळी वरात.

"तुम्ही स्वयंपाक करणारे?"

"अगं, ऐकून तर घे. तू नव्हतीस. मिस्त्रीचं काम खोळंबलं होतं..."

"मी तीन तासांनी येणार होते. तीन वर्षांनी नाही!"

"वहिनी, शांतपणे विचार करा," वकील म्हणाले. "दगडाखाली तयार कपाट बसवायचं आहे. त्याची दारं चौतीसच्या हिशोबाने येतात."

"म्हणजे कपाटाच्या दाराला माप आहे. मला नाही."

"आई, प्लीज," फोन म्हणाला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना?"

"सगळ्यांनी? सगळे म्हणजे कोण रे? तू इथे येतोस वर्षातून आठ दिवस, तेव्हा पाण्याचा पेलासुद्धा मी हातात देते. हे वकील येतात ते चहा प्यायला. आणि तुझे बाबा..." काकू काकांकडे वळल्या. "माझ्यासमोर सही केलीत. मी तुमच्या शब्दावर नाही, सहीवर विश्वास ठेवला. म्हटलं, माणूस माझं ऐकत नसेल, पण आपल्या सहीला तरी जागेल. दहा चाळीसला ती पण खोडलीत! कशासाठी? एका कपाटाच्या दारासाठी, आणि हे वकील काय म्हणतील म्हणून!"

काका खाली बघत होते. "आता बांधून झालंय," ते पुटपुटले. "दगड आलाय. मी फळी सुताराला सांगितलीय, चांगल्या लाकडाची. गोल कडा करायला सांगितल्यात, लागू नये म्हणून."

गोल कडा! एकतीस वर्षं इतरांच्या मापाच्या घरात टाचा उंच करून झाल्या. आता स्वतःच्या शेगडीपुढे फळीवर चढून उभं राहायचं, नाटकात छोटं पोर उभं करतात तसं, आणि वर गोल कडांबद्दल आभार मानायचे?

"मिस्त्री, हा वरचा थर कधी लावलात?"

"आत्ताच. अर्धा तास झाला असेल."

"एक थर म्हणजे किती?"

मिस्त्रीने विटेकडे बघितलं, मग काकूंकडे. तो मुरलेला माणूस होता, प्रश्न पुरता उमगला. "वीट आणि तिच्याखालचा सिमेंटचा माल धरून," तो सावकाश म्हणाला, "चार इंच."

काकूंनी बाह्या सरसावल्या. मधल्या भिंतीवरची पहिली वीट दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. सिमेंट ओलं होतं. वीट चिकटून होती, पण घट्ट नव्हती. काकूंनी ती डावीकडे-उजवीकडे वळवली, तशी ती सुटून हातात आली, खाली राखाडी माल लोंबत होता. त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि दुसरीला हात घातला.

"अगं, अगं, काय चालवलंयस!" काका पुढे झाले. मिस्त्री मध्येच उभा होता. त्याने बाजूला व्हायला हवं होतं, पण नेमकी त्याच वेळी त्याला आपली थापी पुसायची आठवण झाली, आणि आठ बाय सहाच्या त्या जागेत त्याला ओलांडून जायला वाट नव्हती.

दुसरी वीट निघाली. तिसरी. काकूंची बोटं खरचटली, साडेतीन किलोची एकेक वीट, आणि त्यांना धाप लागली होती, तरी कुणाकडे न बघता त्या एका भिंतीकडून दुसरीकडे गेल्या. वकील म्हणाले, "कायद्याने बघितलं तर..." आणि कायद्याने काय, ते त्यांचं त्यांनाच सुचेना. फोनमधून मुलगा ओरडत होता, "काय आवाज येतोय? मला कुणी दाखवेल का?" कुणी दाखवलं नाही. काकूंनी सातवी वीट काढली, आठवी काढली. नववी जरा हट्टाला पेटली, तेव्हा मिस्त्रीने मुकाट्याने थापी पुढे केली. काकूंनी थापीचं टोक विटेखाली सारलं आणि दाबलं.

नऊ विटा जमिनीवर रांगेत होत्या. काकूंनी वरचा ओला माल हाताने सारखा केला, भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि कोपर वाकवलं. आता ठीक होतं. छाती धपापत होती, हात राखाडी झाले होते, पण ठीक होतं.

काका मिस्त्रीच्या खांद्यावरून बघत होते. सही, दगड, कपाटाची दारं, सगळं त्यांच्या डोक्यात एकदम गोळा झालेलं दिसत होतं, आणि त्यातून जे तोंडाला आलं ते त्यांनी बोलून टाकलं.

"अगं, पण एवढ्या खाली? मग मला केवढं वाकावं लागेल!"

काकू वळल्या. मघाचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होताच, पण आवाज अगदी साधा आला.

"कधी?"

काकांनी तोंड उघडलं. वकिलांनी फोन खाली केला. काकूंना खरंच उत्तर हवं होतं. त्या हात पुसत वाट बघत राहिल्या. काका आठवू लागले. आजारपण आठवलं, तेव्हा शेजारून डबा आला होता. ती बहिणीकडे गेली ते आठ दिवस आठवले, तेव्हा ते खानावळीत जेवले होते. त्याच्याही मागे गेले, अगदी लग्नापर्यंत. मिस्त्रीने काढलेल्या विटा बाजूला रचल्या, दगड बसवण्यासाठी माल कालवायला घेतला, तरी ते दारात उभेच होते, आणि एकही दिवस सापडत नव्हता.